करंजाखालची निळी सावली

आमच्या असोद्याला उन्हाळ्यात कुठे हिरवं दिसलं की माणसं पहिला प्रश्न विचारत, विहीर कोणाची? चैत्र लागला की कपाशीची रानं उघडीबोडकी, नांगरलेली काळी ढेकळं नुसती तापलेली, आणि मधूनच एखादा केळीचा मळा हिरवागार उभा. हिरवं म्हणजे केळी, केळी म्हणजे पाणी, आणि पाणी म्हणजे कोणाची तरी विहीर. याच्यापलीकडे हिरव्याला काही अर्थ असू शकतो हे आमच्या गावात कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. माझ्या होतं, आणि त्यावरून त्या वर्षी आमच्या घरात जे महाभारत झालं ते आजही आठवलं की मी बसल्या जागी सरसावून बसते.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. जळगावच्या मुलींच्या शाळेतून मॅट्रिकची परीक्षा देऊन मी मोकळी झाले होते. शाळेत एक ड्रॉईंग मास्तर होते. शेवटच्या दिवशी त्यांनी मला बोलावलं आणि माझी रंगांची पेटी मागितली. उघडली, तिच्यातली हिरव्या रंगाची वडी नखानं उचकटून काढली आणि सरळ कोटाच्या खिशात टाकली!

"मास्तर, माझा रंग!" मी ओरडलेच.

"तुझा नाही, दुकानदाराचा," ते म्हणाले. "हिरवा आपला आपण करायचा. पिवळा आहे, निळा आहे, डोळे आहेत. मुंबईच्या चित्रकलेच्या शाळेत जा तू. ते एक निसर्गचित्र मागतात, बाहेर बसून, डोळ्यांसमोर पाहून काढलेलं. ते काढ, मला आणून दे, पुढचं मी बघतो. फक्त वडिलांचा होकार आण."

होकार आण म्हणे! जसा काही कोपऱ्यावरच्या दुकानातून मीठ आणायचं होतं.

आमचे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणत असू, तसे वाईट नव्हते. मुलीला मॅट्रिकपर्यंत जळगावला पाठवणारा बाप तेव्हा आमच्या भावकीत दुसरा नव्हता. पण पाहिल्याशिवाय त्यांचा कशावरही विश्वास नसे. बैल घ्यायचा तर पारोळ्याच्या बाजारात स्वतः जाऊन त्याचे दात मोजणार. भडगावकडून आलेल्या माणसानं सांगितलं की गिरणेला पूर आलाय, तर हे विचारणार, "तू पाह्यला का?" तो जर म्हणाला की ऐकलं, तर संपलं, पूर आलाच नाही. एकदा आमच्याकडे कोणीतरी कॅलेंडर दिलं. वर डोंगर, तळं, तळ्यात पांढरी पाखरं. नानांनी आल्यागेल्या सगळ्यांना विचारलं, हे तळं कुठलं? कोणालाच सांगता येईना. मग त्यांनी कात्री मागितली, चित्र कापून चुलीपाशी दिलं आणि तारखा तेवढ्या भिंतीला ठेवल्या. त्यांच्या लेखी चित्र म्हणजे बनवाबनवी होती, आणि घरात बनवाबनवी त्यांना खपत नसे.

दुसरीकडे पाहुण्यांची बोलणी चालली होतीच. अखाजी झाली की मला पाहायला यायचं असं ठरत आलं होतं. आमच्या खानदेशात अक्षय्य तृतीयेला अखाजी म्हणतात आणि सासुरवाशिणींचा तो सगळ्यात मोठा सण. झाडांना झोके बांधायचे, गाणी म्हणायची, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस खायचा. सगळ्या लेकी माहेरी येतात. मी मात्र त्या अखाजीनंतर लेकीची सासुरवाशीण होणार होते. त्याआधी चित्र काढायचं, नानांना ते पटवायचं आणि मुंबईला जायचं. 

आमची फुई, म्हणजे नानांची बहीण, यावलच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात दिलेली होती. तिला अखाजीला घेऊन यायचं निमित्त करून मी चैत्रातच तिच्याकडे जाऊन राहिले. पेटी, कागद, ब्रश सगळं लुगड्यांच्या घडीत.

पहिले काही दिवस मी रडकुंडीला आले. काय काढायचं? डोंगर भुरकट, गवत वाळलेलं, सागाचे नुसते खराटे. पळसाची फुलं झडून गेलेली. उन्हात डोळे उघडत नव्हते. मग एका सकाळी फुई सरपणाला निघाली तशी मीही तिच्यामागे निघाले. गावामागे एक कोरडा नाला होता. त्याच्या वाळूतून आम्ही वर वर चालत गेलो, नाल्यानं एक वळण घेतलं, आणि मी जागच्या जागी थांबले.

हिरवं! पण कसलं हिरवं! नाल्याच्या दोन्ही काठांवर करंजाची झाडं होती, जुनी, वाकलेली, एकमेकांत फांद्या घातलेली, आणि त्यांना नुकती पालवी फुटली होती. समोरून ऊन येत होतं आणि त्या प्रत्येक पानातून आरपार जात होतं. पानावर ऊन पडलं की पान चमकतं, ते मी कितीदा पाहिलं होतं. पण पानातून ऊन आलं की पान पेटतं, हे मी पहिल्यांदा पाहत होते. कैरी चिरल्यावर आत जो रंग दिसतो तो होता, कोवळ्या काकडीच्या सालीचा होता, आणि मधेच जांभळीची तांबूस पालवी होती, तिच्यामुळे तर बाकीचं हिरवं आणखी ओरडून बोलत होतं. चारी बाजूंनी जळका डोंगर आणि मधे हे! मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं.

"माय व! झाडं पाहून रडते का तू?" फुई म्हणाली. "काटा गेला का पायात?"

"फुई, हे पाह्य ना!"

"काय पाहू? करंज हाये. रोजच हाये." आणि ती सरपण वेचायला पुढे गेली.

दुसऱ्या दिवशी पहाट झाल्याझाल्या मी तिथे हजर. फुईच्या घरातला जेवणाचा पाट घेतला होता, त्याच्यावर कागद लावायचा म्हणून. तर लक्षात आलं की आपल्याकडच्या उन्हात जलरंग म्हणजे जिवाशी खेळ आहे. ब्रश कागदाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक वाळून खडखडीत. रंगाला काठ पडायचे. दोन कागद फाडले, ब्रश फेकला, परत उचलून आणला. माझा राग तसा लवकर येतो आणि लवकर जातो. मग युक्ती सुचली. एक फडकं ओलं करून पाटावर पसरलं, त्याच्यावर कागद घातला. खालून ओल मिळू लागली आणि रंग जरा दमानं वाळू लागला. अहाहा! आता पिवळा आधी सगळीकडे पातळ सोडायचा, पानांमधल्या उजेडाच्या जागा कोऱ्याच ठेवायच्या, त्यांना चुकूनही हात लावायचा नाही, आणि मग त्या ओल्या पिवळ्यात निळ्याचा एक थेंब. कागदावर माझ्यासमोर हिरवं जन्माला येत होतं. मास्तरांच्या खिशातल्या वडीत त्यातलं काहीच नव्हतं.

शेवटी राहिली खालची वाळू. वाळूवर सावली होती, आणि ती काळी नव्हती, निळी होती. मी एक डोळा मिटून पाहिली, मान तिरपी करून पाहिली, तरी निळीच. डाव्या काठाला एका वाकड्या खोडाच्या पायथ्याशी तर तिचा एक पट्टा बाकीच्यापेक्षा गडद होता, थेट जांभळ्याकडे झुकलेला. का गडद, हे मला कळेना. पण दिसत होता ना? मग काढला. दिसेल ते काढायचं, मनाचं काही घालायचं नाही, असं मी ठरवलंच होतं.

चित्र पुरं झालं तेव्हा मी ते खोडाला टेकवून ठेवलं आणि लांब जाऊन पाहिलं. मग पळत परत आले, पुन्हा लांब गेले. ते माझं होतं आणि चांगलं होतं. त्या दिवशी मी फुईच्या घरी भाकरी किती खाल्ल्या ते फुईनं पुढे सगळ्या गावाला सांगितलं.

अखाजीला आम्ही असोद्याला आलो. निंबाला झोका बांधलेला, अंगणात आयाबायांची गर्दी, घरभर आमरसाचा वास. मी चित्र ओसरीच्या भिंतीला टेकवून ठेवलं आणि खांबाआड उभी राहिले. बायका आल्या, गोळा झाल्या, बोटं नाकाला लावून पाहू लागल्या.

"केयी कोनती व ही? बसराई का?"

"केयी नाही, झाडं हायेत."

"मंग इहीर कोनाची?"

"उन्हायाचं इतकं हिर्वं? पाटाचं पानी दिसते वाटते. हे पाह्य, निघालं हे पानी!" आणि तिनं बोट ठेवलं ते नेमकं माझ्या निळ्या सावलीवर.

मी खांबाआडून बाहेर आले. "ती सावली आहे!"

"सावली काई अशी असते का?" असं म्हणून सगळ्या जणी खो खो हसल्या आणि झोक्याकडे पळाल्या.

संध्याकाळी नाना चित्रासमोर बसले. बराच वेळ बसले. मी आईकडे, आमच्या माईकडे पाहिलं, माईनं पदर तोंडाला लावला. आणि मी हिंमत करून सगळं सांगून टाकलं. मास्तर काय म्हणाले, मुंबईची शाळा, चित्र पाठवायचं आहे, होकार पाहिजे.

नाना माझ्याकडे न पाहता म्हणाले, "हे कुठलं?"

"फुईच्या गावचं. नाल्यातलं."

"पाह्यलं तू?"

"समोर बसून काढलं."

त्यांनी फुईला हाक मारली. "तुह्या गावचं हाये म्हनते. खरं का?"

आणि आमची लाडकी फुई हातातली परात ठेवून म्हणाली, "मी त' तठी दररोज जाते बाप्पा. मले नाही दिसलं असं हिर्वं कधी."

मला तिला त्या परातीत बुडवावंसं वाटलं.

"चैतात पानी नाही त' हिर्वं कसं?" नाना म्हणाले. "आन पानी हाये त' तू त्याले सावली काहून म्हनते? हे पानीच हाये." त्यांनीही बोट ठेवलं ते त्याच पट्ट्यावर.

"नाना, ती सावली आहे! सावली निळी असते, तुम्ही कधी नीट पाहिलेली नाही!"

 नानांना कोणी 'पाहिलेलं नाही' म्हणालं नव्हतं आजवर. मी चिडले की शाळेतली भाषा बोलू लागत असे, तेही त्यांना डिवचत असावं.

"जयगावची बोली नको बोलू माह्याशी," ते शांतपणे म्हणाले. "फुईले पोचवाले मी येतो. पाह्यतो. जसं हाये तसं काढलं असंन त' पाठव तुह्या मास्तरले. खोटं असंन त' ह्या घरातून खोटं बाहेर नाही जानार. मंग पाहुने येतीन त्याह्यले हो म्हनायचं."

त्या रात्री मी आनंदानं झोपले! खरं होतं ना चित्र! एकदा नाना त्या वळणावर उभे राहिले की झालंच की. सकाळी उठल्यावर मात्र पानं आठवली. चित्र काढून किती दिवस होऊन गेले होते. पालवी आता कोवळी कुठून असणार? करंजाचं पान जून झालं की गर्द होतं, जवळजवळ काळसर. ते पेटलेलं हिरवं माझ्याशिवाय कोणी पाहिलेलं नव्हतं, आणि फुई साक्षीला, तिची साक्ष तर ऐकलीच.

नानांनी दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, जुंपली. फुई, मी आणि उपरण्यात गुंडाळलेलं चित्र. ते चित्र नानांनी स्वतःच्या मांडीवर घेतलं होतं, पुरावा असल्यासारखं. तापीचं पात्र तेव्हा मधोमध एवढंसं वाहत होतं, बाकी सगळी वाळू, आणि त्या वाळूत टरबुजांच्या वाड्या. एरवी मी टरबूज पाहिलं की गाडीतून उडी मारली असती. त्या दिवशी मला काही दिसत नव्हतं. वाटेवरच्या प्रत्येक झाडाकडे मी पाहत होते, पान कसं आहे, कोवळं आहे का. निंब कोवळा दिसला की जीव भांड्यात पडायचा, चिंच दिसली की पुन्हा बाहेर.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही नाल्यात उतरलो. नाना पुढे, मी मागे, फुई घागर घेऊन सगळ्यात मागे. गावचा झिरा, म्हणजे वाळू उकरून पाणी काढायचा खड्डा, नाल्याच्या खालच्या अंगाला होता, तो त्या वर्षी आटला होता. बाया पार दुसऱ्या गावच्या विहिरीवर जात होत्या. फुई वाटभर त्याचंच रडगाणं गात होती.

वळण आलं. मी डोळे मिटून घेतले आणि उघडले.

गर्द. सगळं गर्द, जाड, धूळ बसलेलं. चांगलं हिरवं होतं, डोंगराकडे पाहिलं तर फारच हिरवं होतं, पण माझं नव्हतं ते. सूर्य अजून काठाच्या वर आला नव्हता, सगळा नाला मलूल पडला होता. 

नानांनी उपरण्यातून चित्र काढलं आणि दोन्ही हातांनी समोर धरलं. मग बैल पाहावा तसे ते झाडं पाहू लागले. "हा धोंडा हाये. हे वाकडं खोड हाये. ही फांदी तुटेल हाये, बरोबर. तो दोन फांद्यायचा दुबेळका हाये." एकेक गोष्ट ते चित्रात पाहायचे, मग समोर, मग मान हलवायचे. धोंड्यावरची चीरसुद्धा जुळली.  आणि मग ते म्हणाले, "मंग हिर्वं कुठी हाये?"

"तेव्हा पानं कोवळी होती, नाना! नवी होती! त्यातून ऊन येत होतं! आता जून झाली, त्याला मी काय करू? पानांना थांबा म्हणू?" मी अक्षरशः पाय आपटले. त्या वयात आणि त्या काळात, बापासमोर!

नानांनी एक पान तोडलं, चुरगळलं, वास घेतला. "झालं असंन," ते म्हणाले. "केयीचंबी पान सुटते तव्हा अलग राह्यते. झालं असंन. पन मी नाही पाह्यलं."

संपलं. मी मनातल्या मनात पाहुण्यांपुढे पोह्यांची बशी घेऊन उभी राहिलेसुद्धा.

"आन तुही सावली कुठी हाये?" नाना म्हणाले.

ऊन नव्हतं तर सावली कुठून असणार? पण त्यांनी चित्रावर बोट ठेवलं, समोर पाहिलं, आणि सरळ त्या वाकड्या खोडाच्या पायथ्याशी चालत गेले. उकिडवे बसले. वाळूवर तळहात ठेवला. दुसऱ्या जागी ठेवला. परत पहिल्या जागी ठेवला. मग धोतर खोचलं आणि दोन्ही हातांनी वाळू उकरायला लागले.

"नाना, काय करता?"

 कोपरापर्यंत हात गेला. वरची वाळू पांढरी होती, खालची करडी निघाली, मग काळी, मग हाताला चिकटणारी. फुई घागर टाकून धावत आली. तीही उकरू लागली. मीही बसले आणि उकरू लागले, का ते न कळता. तिघंही गुडघ्यांवर, तोंडावर वाळू उडतेय, आणि नाना एकदम थांबले. हात बाहेर काढला. बोटांवरून थेंब गळत होते.

खड्ड्याच्या तळाशी पाणी झिरपत होतं! आधी ओलं, मग चकाकणारं, मग वाटीभर, मग तांब्याभर. फुई ओरडली, "माय व माय! पानी!" आणि तिनं चक्क दोन्ही हात वर करून वाळूत फेर धरला. "दररोज मी आठून जाते व! दररोज ह्याच्यावर पाय देऊन त्या इहिरीले जाते!" मलाही काय झालं कोण जाणे, मी तिच्याबरोबर नाचले. माझं चित्र, माझी मुंबई, सगळं विसरून नाचले. इतक्या उन्हात, इतक्या कोरड्या जागी, आपल्या हातांनी पाणी निघालं की कोणीही नाचेल.

नाना नाचले नाहीत. ते चित्र घेऊन खड्ड्याकडे आणि खड्ड्याकडून चित्राकडे पाहत होते. "तू म्हने सावली हाये," ते म्हणाले.

"सावलीच होती, नाना. जरा गडद होती, बस. मी म्हटलं, दिसते तर काढू."

"तठीच गडद काहून होती?"

मी खड्ड्याच्या काठाची काळी वाळू मुठीत घेऊन दाबली. तिथली वाळू खालून ओली होती. म्हणून तिथली सावली जास्त निळी दिसली होती. मी ओल पाहिली होती, ओल काढली होती, आणि ओसरीभर बायकांशी भांडून तिला सावली म्हणत होते.

पाणी नितळेपर्यंत वेळ होता. नानांनी तोंड धुतलं, डोक्याचा रुमाल ओला केला आणि करंजाखाली वाळूत उताणे पडले. मी थोड्या अंतरावर बसून खड्ड्यात पाणी वाढताना पाहत होते. ऊन काठावर आलं, फांद्यांत शिरलं. फुई घागर भरत होती. 

"पोरी," नानांचा आवाज आला. "अवं, आठी ये. आठी पड."

मी जाऊन त्यांच्या शेजारी वाळूत पडले आणि वर पाहिलं. पानं जून होती, धुळीनं माखलेली होती, पण आम्ही खाली होतो आणि ऊन वर होतं, आणि वरच्या पानांतून ते आरपार येत होतं. कैरीच्या आतलं. काकडीच्या सालीचं. तेच!

"हे का?" नाना म्हणाले.

"हेच, नाना! हेच! तेव्हा तर याच्याहून जास्त होतं!"

"हं," ते म्हणाले, आणि तसेच पडून राहिले. वर पाहत, पापणीसुद्धा न हलवता. आयुष्यभर ते झाडाखाली झोपले होते, मळ्यात, खळ्यावर, बाजाराच्या वाटेवर, पण झाडाखाली पडल्यावर ते नेहमी रुमाल डोळ्यांवर घेत. फुईनं दोनदा हाक मारली तरी उठले नाहीत.

पण होकार काही दिला नाही. माणूसच तसा! फुईकडे जेवलो, बैल जुंपले, परत निघालो, तरी एक शब्द नाही. चित्र पुन्हा त्यांच्या मांडीवर. विचारावं तर भीती, न विचारावं तर जीव जातोय. मी दमणीत बसून ओठ चावत होते. यावल मागे पडलं. मनात म्हटलं, तापीपर्यंत बोलले नाहीत तर मीच बोलते, मग काय व्हायचं ते होऊ दे.

तापीच्या वाळूत नानांनी बैल सोडले. एका वाडीवाल्यानं टरबूज फोडून दिलं. लालभडक, आणि नदीच्या वाळूत पुरून ठेवलेलं, म्हणून गार. आम्ही खात बसलो. त्याचं लक्ष उपरण्याकडे गेलं.

"काय हो भाऊ, देवाचा फोटो नेऊ रायले का?"

नानांनी हात धोतराला पुसले, नीट पुसले, आणि उपरणं सोडून चित्र त्याच्यापुढे धरलं. तो वाकून पाहू लागला.

"हिर्वंगार हाये बाप्पा! इहीर कोनाची?"

"इहीर नाही," नाना म्हणाले. "झिरा हाये. आठी." आणि त्यांनी बोट ठेवलं.

"ही त' सावली दिसते."

"सावलीच हाये. पानी तिच्याखाली हाये. मी काढलं, पेलोबी."

वाडीवाला कधी चित्राकडे पाही, कधी नानांकडे. वाळूत खड्डे करून पाणी काढणाराच माणूस तो, त्याला ते चटकन पटलं असावं. "कोनी दाखवलं?"

"माह्या पोरीनं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. माझ्या हनुवटीवरून टरबुजाचा रस गळत होता. "पोरगी पानाडी हाये का? जमिनीतलं पानी सांगते?"

"नाही," नाना म्हणाले. "चित्रं काढते. आता मुंबईले जानार हाये, शिकाले."

मी उडीच मारली. हातातली फाक वाळूत पडली, आणि पदराचा बोळा झाला. नानांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चित्र पुन्हा उपरण्यात गुंडाळत ते वाडीवाल्याला म्हणाले, "तिले दुसरी फोड दे."